पक्षाघातानंतर अ‍ॅक्युपंक्चर : कशासाठी आणि कशाच्या बदल्यात?

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी येतो तेव्हा फाइलमध्ये गोळ्यांची यादी असते, ‘फिजिओथेरपी सुरू ठेवा’ असा एका ओळीचा शेरा असतो आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक पत्ता असतो. कुणाकडे मालिशवाल्याचा, कुणाकडे देवस्थानाचा, कुणाकडे गावाकडच्या झाडपाल्याच्या औषधाचा, तर शहरांत हल्ली पुष्कळदा अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्याचा. या यादीतून अ‍ॅक्युपंक्चरला वेगळे काढावे लागते. लुळ्या अंगाला कबुतराचे रक्त चोळण्याच्या पंक्तीत त्याला बसवणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्यावर रीतसर वैद्यकीय चाचण्या झालेल्या आहेत आणि महाराष्ट्रात तर त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा व परिषदही आहे. म्हणून ‘उपयोग होतो का?’ हा प्रश्न येथे पुराव्यानिशी विचारता येतो. परंतु कुटुंबाने तेवढ्यावर थांबू नये. सुया टोचून नेमके काय साधायचे आहे, आणि त्यापायी दुसरे काय सुटणार आहे, हेही विचारावे. कारण पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने फार मोलाचे असतात आणि घरातले पैसे, रिक्षाच्या फेऱ्या, सोबत जाणाऱ्याची रजा, रुग्णाच्या अंगातली ताकद, सगळे मोजकेच असते.

पक्षाघातात मेंदूचा काही भाग रक्ताविना मरतो. तो परत येत नाही. त्याच्या भोवतालचा बराच भाग मात्र मेलेला नसतो, नुसता गप्प पडलेला असतो. सूज ओसरली, रक्तपुरवठा सावरला की तो पुन्हा कामाला लागतो. पुढच्या आठवड्यांत मेंदूचे शाबूत भाग हरवलेल्या कामाचा थोडा थोडा वाटा उचलायला शिकतात. या सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, सहा महिन्यांच्या सुमारास बराच मंदावतो आणि त्यानंतरही सुधारणा होत राहते, पण ती मेहनतीने आणि इंचाइंचाने. आता बहुतेक घरांत अ‍ॅक्युपंक्चर केव्हा सुरू होते ते पाहा : दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे विशेष काही न करताही बोटे हलू लागण्याची शक्यता जेव्हा सगळ्यांत जास्त, नेमके तेव्हाच. त्या काळात रुग्णाला जो हात लावेल त्याच्या हाताला यश येते. मालिशवाल्याच्याही आणि सुईवाल्याच्याही. ‘पाच सिटिंगमध्ये पाय उचलला’ हे वाक्य म्हणूनच शंभर टक्के खरे असू शकते आणि तरीही त्यातून सुईबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्यात आणखी एक घोटाळा असतो. शेजारच्या ज्या काकांचा ‘लकवा’ महिन्याभरात बरा झाला, त्यांना पुष्कळदा पक्षाघात झालेलाच नसतो. चेहऱ्याच्या एका नसेला सूज येऊन तोंड वाकडे होते तो आजार निराळा. त्यात हातापायांना काही होत नाही आणि दहांपैकी सुमारे सात रुग्ण कोणत्याही उपचाराशिवाय पूर्ण बरे होतात. त्या आजाराचे यश या आजाराच्या खात्यावर जमा करणे चूक आहे.

म्हणून तुलना हवी. एकसारख्या रुग्णांचे दोन गट पाडायचे, कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवायचे, एकाला सुया द्यायच्या, दुसऱ्याला नाही, आणि शेवटी मोजायचे. स्वीडनमधील लुंड येथे बार्ब्रो योहान्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अशी एक चाचणी प्रसिद्ध केली. एका बाजूची ताकद बरीच गेलेले ७८ रुग्ण तिच्यात होते. सगळ्यांना नेहमीची फिजिओथेरपी मिळाली. निम्म्यांना त्याशिवाय आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे अ‍ॅक्युपंक्चर. सुया घेतलेले रुग्ण लवकर सावरले, रोजची कामे अधिक चांगली करू लागले, रुग्णालयातून लवकर घरी गेले. हा निष्कर्ष जगभर गाजला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या १९९७ च्या तज्ज्ञपरिषदेने पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात अ‍ॅक्युपंक्चर पूरक म्हणून उपयोगी पडू शकेल, असे म्हटले ते अशाच कामांच्या आधारावर. पण १९९३ च्या चाचणीत एक भोक होते. दुसऱ्या गटाला सुयांच्या जागी काहीच मिळाले नव्हते : आठवड्यातून दोनदा शेजारी बसणारे, हात हातात घेणारे, ‘होईल सुधारणा’ म्हणणारे माणूसही नाही. योहान्सन यांनीच पुढे १५० रुग्णांवर दुसरी चाचणी केली आणि ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. या वेळी तीन गट होते. एकाला अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला त्वचेवरून विजेचे जाणवतील असे झटके आणि तिसऱ्याला त्याच यंत्राचा इतका मंद प्रवाह की तो जाणवूही नये. तिन्ही गटांकडे लक्ष मात्र सारखेच दिले गेले. तीन महिन्यांनी आणि वर्षाने मोजले तेव्हा तिन्ही गटांत फरक दिसला नाही. आपला गाजलेला निष्कर्ष स्वतःच तपासून तो टिकत नाही हे छापणारे संशोधक विरळा. या विषयात मला सर्वांत विश्वासार्ह वाटतात ती हीच दोन कामे, आणि तीही जोडीने वाचली तरच.

नंतरचे चित्र फार बदललेले नाही. टोक त्वचेत न शिरता आत सरकते अशी बनावट सुई १९९० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली आणि खऱ्या-खोट्या सुईची तुलना करणे शक्य झाले. कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये बनावट उपचाराशी तुलना केलेल्या १० चाचण्यांचा, ७११ रुग्णांचा, आढावा आला. हालचाली व रोजची कामे परत येण्याच्या बाबतीत खऱ्या सुईचे पारडे जड ठरले नाही. कॉक्रेन या आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये ३१ चाचण्या आणि २२५७ रुग्ण तपासले. बहुतेक चाचण्यांत ‘सुया अधिक नेहमीचे उपचार’ विरुद्ध ‘फक्त नेहमीचे उपचार’ अशी तुलना होती आणि त्यांत सुयांचा लाभ दिसत होता. पण या चाचण्यांचा दर्जा बहुतांशी कच्चा होता, आणि ज्या मोजक्या ठिकाणी बनावट सुई वापरली होती तेथे हालचालींत फरक आढळला नाही. अमेरिकेच्या हृदय व पक्षाघात संघटनांनी त्याच वर्षी पुनर्वसनाची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत रोजची कामे आणि हाताची हालचाल सुधारण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरची शिफारस करू नये असे म्हटले. गिळण्याच्या त्रासात मात्र पूरक उपचार म्हणून त्याचा विचार करता येईल, असा दरवाजा किलकिला ठेवला.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते सगळेच उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप चीनचा. तेथे पक्षाघाताच्या रुग्णाला सुया देणे ही नित्याची बाब आहे. त्येनजिन येथील वैद्य शी श्वेमिन यांनी १९७२ च्या सुमारास बसवलेली पद्धत तेथे शिकवली जाते, डोक्याच्या त्वचेत सुया खोचण्याची पद्धतही त्याच काळातली. इतक्या मोठ्या देशाचा अनुभव खोटा कसा म्हणावा? खोटा म्हणण्याचे कारण नाही, पण तो तपासून घ्यावा लागतो. १९९८ मध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी देशवार चाचण्या पाहिल्या तेव्हा चीनमधून आलेली अ‍ॅक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी यशस्वीच होती. जेथे एकही चाचणी नापास होत नाही तेथे गुणपत्रिकेवर विसंबता येत नाही. चीनमध्येच पुढे अधिक काटेकोर काम झाले. ८६२ रुग्णांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतरचा मृत्यू किंवा परावलंबित्व हा मुख्य निकष धरला होता. फरक सुयांच्या बाजूने झुकलेला होता, पण योगायोगानेही येऊ शकेल एवढाच. दहा किंवा अधिक सिटिंग घेतलेल्यांत तो जास्त दिसला. म्हणजे ‘मात्रा कमी पडते, पूर्ण कोर्स घ्या’ हा दुसरा आक्षेप खरा ठरला का? घाईने हो म्हणू नये. दहा वेळा सुया घ्यायला जो रुग्ण टिकतो तो मुळातच कमी आजारी असतो, त्याला न्यूमोनिया झालेला नसतो, त्याच्या घरी ने-आण करणारे कुणी असते. अशा रुग्णाची प्रकृती सुयांविनाही बरी राहण्याची शक्यता जास्त असते.

तिसरा आक्षेप दवाखान्यांच्या पाट्यांवर असतो : जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता. संघटनेने २००३ मध्ये एक आढावा छापला होता आणि परिणाम सिद्ध झालेल्या आजारांच्या त्याच्या यादीत पक्षाघात होता, हे खरे आहे. पण तो १९९० च्या दशकापर्यंतच्या चाचण्यांवर बेतलेला होता, त्या चाचण्यांच्या दर्जाची कठोर छाननी त्यात नव्हती आणि वर सांगितलेले मोठे आढावे त्याच्यानंतरचे आहेत. चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. बनावट सुईसुद्धा त्वचेला स्पर्श करते, रुग्णाला निजवते, त्याला आशा देते. मग ती ‘काहीच नाही’ कशी? दोन्ही गट सुधारले आणि फरक दिसला नाही, याचा अर्थ दोन्हींचा उपयोग झाला असाही होऊ शकतो. होऊ शकतो, हे मान्य. पण मग उपयोग झाला तो विशिष्ट बिंदूंचा आणि नाडीमार्गांच्या शास्त्राचा नव्हे. विसाव्याचा, स्पर्शाचा आणि कुणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे या भावनेचा. पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एका रुग्णाला नैराश्य येते, तेव्हा ही गोष्ट क्षुल्लक नाही. परंतु विसावा आणि लक्ष यांची किंमत ठरवताना कुटुंबाने तीच गोष्ट फिजिओथेरपिस्टकडून, घरच्यांकडून आणि गरज पडल्यास नैराश्यावरच्या औषधातून मिळते का, हे पाहिले पाहिजे.

येथे हाच निकष दुसऱ्या बाजूलाही लावणे भाग आहे. घरच्यांनी व्यायाम करवून घेतला की झाले, असेही नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अटेंड’ नावाची चाचणी याच समजुतीची परीक्षा होती. एका गटात घरातल्या एका व्यक्तीला रुग्णालयात प्रशिक्षण देऊन पुनर्वसन तिच्याकडे सोपवले, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी. अ‍ॅक्युपंक्चरला जो नियम लावला तोच लावून म्हणायचे तर, फक्त घरच्यांच्या हाती सोपवलेले पुनर्वसन पुरे पडत नाही. प्रशिक्षित थेरपिस्टच्या देखरेखीखालचा व्यायाम मात्र कसोटीला उतरतो. कॉक्रेनच्या २०१४ च्या आढाव्यात ९६ अभ्यास आणि १०,४०१ रुग्ण होते. रोज अर्धा ते एक तास, आठवड्यातून पाच ते सात दिवस अशा मात्रेने हालचालींत लाभ दिसला. हे आकडे कुटुंबाने ध्यानात ठेवावेत. आपल्याकडे आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे फिजिओथेरपिस्ट येतो, उरलेले दिवस रुग्ण टीव्हीसमोर बसून असतो आणि त्याच वेळी सुयांच्या कोर्सचे पैसे भरले जातात. हा हिशेब उलटा आहे. त्याहून उलटा हिशेब गोळ्यांचा. पक्षाघात एकदा झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो आणि दुसरा झटका पहिल्या सहा महिन्यांची सगळी कमाई एका रात्रीत नेतो. ‘प्रोग्रेस’ या २००१ च्या चाचणीत ६१०५ रुग्णांपैकी निम्म्यांना चारेक वर्षे रक्तदाबाची औषधे दिल्यावर त्यांच्यात पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. रोज सकाळी घेतलेल्या एका-दोन गोळ्यांचा हा परिणाम. सुयांच्या बाजूने असा आकडा कुणीही दाखवलेला नाही.

एवढे सगळे वाचूनही कुटुंबाला अ‍ॅक्युपंक्चर करून पाहावेसे वाटले, तर ते अडाणीपणाचे म्हणता येणार नाही. प्रशिक्षित हातांत ते बऱ्यापैकी निर्धोक आहे. ब्रिटनमध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३४ हजारांवर सिटिंगमध्ये एकही गंभीर अपाय नोंदला गेला नाही. फक्त ते कशासाठी घ्यायचे हे आधी ठरवावे. ‘पेशंट चालता व्हावा’ हे उद्दिष्ट सुईच्या गळ्यात घालू नये, त्याला पुरावा नाही. लुळ्या बाजूचा खांदा दुखणे हा मात्र असा त्रास आहे की त्यापायी रुग्ण व्यायामच टाळू लागतो. तेथे सुयांचा पुरावा कच्चा असला तरी दुखणे कमी होते का हे चार आठवड्यांत कळते, आणि ते कमी झाले तर व्यायामाला वाट मिळते. अर्थात तो खांदा दुखतो बहुतेकदा काखेत हात घालून रुग्णाला उठवल्यामुळे आणि लुळा हात लोंबत ठेवल्यामुळे. ते थांबवल्याशिवाय कोणताही उपचार टिकणार नाही. गिळण्याच्या त्रासात क्रम बदलू नये : आधी स्पीच थेरपिस्ट किंवा डॉक्टरांकडून गिळण्याची तपासणी, अन्न किती घट्ट द्यायचे याचा सल्ला, बसवून भरवणे, आणि मग सुया. ठसका लागत असताना नुसत्या सुयांच्या भरवशावर पाणी पाजले तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो.

उपचार सुरू करण्यापूर्वी न्यूरॉलॉजिस्टना किंवा डिस्चार्ज देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे, लपवू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणे म्हणजे सुया वर्ज्य असे नाही, पण सुया देणाऱ्याला गोळ्यांची नावे दाखवलीच पाहिजेत, आणि वॉरफॅरिन चालू असेल तर शेवटचा रक्ततपासणी अहवालही. पेसमेकर असेल तर सुयांना विजेचा प्रवाह जोडू देऊ नये. झटका आल्यापासून फिट येत असतील तर विजेच्या प्रवाहाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. खांद्याच्या वरच्या भागात व छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकते. असे क्वचित घडते, पण सिटिंगनंतर अचानक दम लागला तर ‘थकवा असेल’ म्हणून घरी झोपवू नये. ज्या अंगाला संवेदना नाही तेथे सुई लागली की भाजले हे रुग्णाला कळत नाही, म्हणून सुईबरोबर शेक किंवा जळती औषधी कांडी वापरायला तेथे साफ नकार द्यावा. सुया नव्या, निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि पाकीट आपल्यासमोर फोडलेले असावे. ‘तुमच्या सुया तुमच्यासाठी बाजूला ठेवतो’ ही सोय नको. रुग्णाला निजवूनच सुया द्याव्यात आणि उठवताना सोबतीला माणूस असावा, कारण चक्कर येऊन पडणे हा या रुग्णांचा सगळ्यांत घरगुती आणि सगळ्यांत महागडा अपघात आहे. महाराष्ट्रात परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात कुणाचा अपमान होत नाही.

पैसे भरण्याआधी वहीत तारीख घालून दोन ओळी लिहाव्यात : काय सुधारायला हवे, आणि किती सिटिंगनंतर थांबायचे. दुखणे असेल तर शून्य ते दहा आकड्यांत रुग्णानेच रोज लिहावे किंवा सांगावे. हालचाल असेल तर आठवड्यातून एकदा, त्याच खुर्चीत, त्याच वेळी मोबाइलवर चित्रीकरण करावे. रोज जवळून पाहणाऱ्याला सुधारणाही दिसत नाही आणि घसरणही. दहा-बारा सिटिंगमध्ये ठरवलेल्या गोष्टीत फरक नसेल तर थांबावे. ‘आता कुठे शरीर प्रतिसाद द्यायला लागले’ या वाक्यावर पुढचा कोर्स घेऊ नये. तीस-चाळीस सिटिंगचे पॅकेज आगाऊ भरून घेणारा दवाखाना टाळावा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा दिसली तर तिचे श्रेय सुईला देण्याची घाई करू नये. हेही लक्षात ठेवावे की त्याच काळात व्यायामाचा एक तास बुडाला तर तो नंतर भरून निघणे कठीण असते. सुयांच्या दवाखान्यात जाण्या-येण्याने रुग्ण इतका दमत असेल की संध्याकाळचा व्यायाम राहतो, तर सुया बंद कराव्यात, व्यायाम नव्हे.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नाही. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायला जो सांगेल त्याच्याकडे, तो कितीही नामांकित असो, दुसऱ्यांदा जाऊ नये. आणि तोंड वाकडे होणे, हात गळून पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही नव्याने दिसले, अगदी सुया लावलेल्या असतानाही, तर सुया काढून ताबडतोब १०८ ला फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते.